तारामावशीचा उजवा हात

या गं, अशा जवळ सरका! लांबून काय वाचताय? आणि आधीच सांगते, मागे या सदरात एकीने अनुभव लिहिला तर खाली सगळ्यांनी "काकू, फेकू नका" लिहून ठेवलं. असं बोलतात का मोठ्यांशी? अहो, मीसुद्धा असल्या गोष्टी मानणारी नाही. आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात कोणाच्या अंगात आलं तर मी आधी विचारते, सकाळपासून काही खाल्लं का. पण हे भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत झालंय... म्हणून छातीठोक सांगते.

माझ्या बहिणीची नात नीरजा परदेशात पीएच.डी. करते. विषय काय, तर इंदूरची म्हातारी माणसं, त्यांची तब्येत, आणि मराठी, मालवी, सिंधी घरांत म्हातारपण वेगवेगळं असतं का. गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे उतरली आणि मी झाले तिची गाईड. घरं दाखवायची, ओळख करून द्यायची, तिचे पुस्तकी प्रश्न सरळ भाषेत विचारायचे.

त्या दिवशी बडा गणपतीजवळ तारामावशीकडे गेलो. माझ्या आईची मैत्रीण, नव्वदीला टेकलेली. लकव्याने उजवा हात कित्येक वर्षं लुळा, वाचाही गेलेली. सून शोभा सगळं करते. जिना चढेपर्यंत नीरजाला धाप लागली. मी म्हटलं, "काय गं, मी पुढे आणि तू मागे?"

"जेट लॅग, आजी."

जेट लॅग! येऊन महिना झाला होता.

आत बसल्यावर तिने शोभाला विचारलं, "तुम्ही स्वतःला कोणत्या समाजाचे समजता?"

शोभा हसली. "देखो, घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि सासूबाई रागावल्या की सीधे मालवी! म्हणजे... बोलायच्या तेव्हा."

मग नीरजाने ते यंत्र काढलं. मुठीत दाबायचं, हातात किती जोर आहे तो आकडा दिसतो. डावा हात झाला. मी म्हटलं, "उजवा राहू दे गं, उगाच कशाला." तर म्हणे, "नियम आहे आजी, दोन्ही घ्यावे लागतात." शून्य आला. येणारच. यंत्र बाजूला ठेवून ती मावशीचा हात हळूच उशीवर टेकवत होती... आणि त्या लुळ्या हाताची बोटं मिटली. नीरजाच्या मनगटावर.

"आई!" शोभा ओरडलीच. आम्ही दोघींनी जोर लावला, एक बोट सुटेना. आणि मावशी बोलली — खणखणीत, रागावून — "पेलां इके दिखाओ! डाक्टर के!"

आधी हिलाच डॉक्टरला दाखवा. बस, एवढंच. मग हात गळून पडला, होता तसा.

नीरजा म्हणते, "एवढी मुलाखत संपवू, उद्या जाऊ." मी म्हटलं, "उद्या-बिद्या काही नाही, ऊठ." खालून ऑटो केला, "भिया, जल्दी चलो." दवाखान्यात ईसीजी काढला आणि डॉक्टरांचा चेहराच बदलला. ठोके भलतेच चालले होते. तिथल्या तिथे भरती. म्हणाले, "अशीच जिने चढत फिरली असती, तर..."

त्यांना मी हाताचं सांगितलं. म्हणाले, लकव्याच्या हाताची बोटं कधीकधी आपोआप आवळतात. असेल. विज्ञानाला मी नावं ठेवत नाही, पोर त्यानेच वाचवली. पण बोटं त्याच मनगटावर, त्याच वेळी? आणि इतक्या वर्षांनी वाचा फुटली ती एवढंच सांगायला? नीरजा बरी झाल्यावर आम्ही पुन्हा यंत्र लावून पाहिलं. शून्य. शोभाने किती विनवलं, "आई, बोला ना." मावशी नुसती बघत राहिली, जणू या बाया काय करून राहिल्या आहेत!

परवा नीरजाचा फोन होता. "आजी, प्रबंधात त्या हाताचं काय लिहू?" मी म्हटलं, "यंत्राला दिसलं ते लिही. बाकीचं मलाही ठाऊक नाही. तू बोलतेयस ना फोनवर, माझं झालं."

या हिवाळ्यात ती परत येतेय, कामाशिवाय, फक्त मावशीजवळ बसायला. तुम्हीही या. मावशी बोलणार नाही कदाचित, पण शोभा पोहे खाल्ल्याशिवाय उठू द्यायची नाही. मात्र लवकर या हं... नव्वदीच्या माणसाला पुढच्या वर्षीचा वायदा देऊ नये.