जुलैतला आंबा

सिगरेट सुटली, हे मी सगळ्यांना सांगितलं तेव्हा खोटं बोललो नव्हतो. चौदाव्या वर्षी इचलकरंजीत मागाच्या शेडमागे विडी ओढायला शिकलो, ते छप्पन्नाव्या वर्षी इथे परदेशात, टार्निटच्या घरामागच्या कचऱ्याच्या पेटीत शेवटचं पाकीट टाकलं. बायको बघत होती. म्हणून जरा जोरातच टाकलं.

माझा धंदा जुन्या गाड्या विकायचा. कोविड संपून बॉर्डर उघडली आणि विमानं भरभरून आपल्याकडची पोरं शिकायला आली. टार्निटला ट्रेन आहे, पण स्टेशनपर्यंत जायलाच गाडी लागते. पहाटे वेअरहाउसची शिफ्ट, दुपारी युनीत लेक्चर, मग पुन्हा कुठेतरी काम. त्यामुळे आल्यापासून महिन्याभरात पोरगं माझ्या यार्डात उभं राहतंच. बरोबर दोन मित्र असतात. एकाने मोबाइलवर बघून गाडीतलं सगळं शिकलेलं असतं, तो टायरला लाथ मारतो. "काका, थोडं कमी करा ना, आपल्याच माणसाला काय लावताय?"

आपला माणूस! मी आलो होतो त्याआधीच्या लाटेत, स्वयंपाकाच्या कोर्सच्या नावाखाली. विमानतळावर घ्यायला कोणी नव्हतं. भांडी घासली, टॅक्सी चालवली. ज्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये गादी टाकून राहत होतो, त्याने परीक्षेच्या आठवड्यात मला बाहेर काढलं. कारण काय, तर माझ्या खोकल्याने त्याची झोप मोडते. त्या माणसाला मी विसरलेलो नाही. पुढे मंडळाच्या कार्यक्रमात तो भेटला, हात पुढे केला. मी दोन्ही हातात जेवणाचं ताट धरून उभा राहिलो, ते तो निघून जाईपर्यंत.

तर फुप्फुसं. डॉक्टरने नाव सांगितलं, सीओपीडी. मशीनमध्ये फुंकर मारायला लावली आणि कागदावर जी रेघ उमटली ती बघून माझा मीच ओशाळलो. विकायला आलेल्या गाडीचं इंजिन असं निघालं असतं तर मी तिला भंगारात पाठवलं असतं. दोन पंप दिले, एक सकाळ-संध्याकाळ, एक अडचणीला. यार्डात गाड्यांच्या दोन रांगा आहेत. पहिल्या रांगेच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं तर मध्ये एकदा बॉनेटला टेकावं लागायचं. मी बॉनेटवर हात फिरवत रंग तपासतोय असं दाखवायचो.

मग मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, एक उपाय आहे. फुप्फुसाचा जो भाग नुसता फुगून बसलाय, त्याच्या नळ्यांमध्ये लहान झडपा बसवायच्या. छाती कापायची नाही. तो भाग आकसला की शेजारच्या चांगल्या भागाला जागा मिळते. सगळ्यांना चालत नाही, पण तुम्हाला चालेल. "तुम्ही पुन्हा जिना चढू शकाल," त्या म्हणाल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं. आमचं घर दुमजली आहे आणि गेलं वर्षभर मी खालच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपत होतो.

अट एकच होती. सहा महिने निकोटिन नको. सिगरेट नाही, वेप नाही, काही नाही. जमत नसेल तर सांगा, पॅच आहेत, गोळ्या आहेत, आपण मार्ग काढू, पण सांगा. लपवू नका. त्यांनी हे दोनदा सांगितलं. मी मान डोलावली, दिलेल्या फॉर्मवर सही केली. गाडीच्या व्यवहारात मी कागदाची मागची बाजूसुद्धा वाचतो. तो फॉर्म वाचला नाही.

वीस वर्षं माणूस एकच काम करत असला की त्याचे कान तसेच होतात. समोरचा पहिल्यांदा जे बोलतो ती त्याची पहिली किंमत असते, आणि पहिली किंमत कधीच खरी नसते. कोणी म्हणालं बारा, तर त्याला नऊ चालणार असतात. सहा महिने, काही नाही, असं बाई म्हणाल्या, आणि मी मनात धरलं: सिगरेट सोडू, वेपवर येऊ, वेप हळूहळू कमी करू, शेवटी दोन महिने कोरडे दाखवू. एवढ्यावर सौदा पटेल.

वेप मला यार्डातच एका गिऱ्हाइकाने दाखवली. मार्करपेनाएवढी इलेक्ट्रॉनिक सिगरेट, आंब्याच्या चवीची. तंबाखूच्या दुकानात काउंटरखालून मिळायची. पहिला झुरका घेतला तेव्हा वाटलं, चाळीस वर्षं आपल्याला कोणी हे सांगितलं का नाही? जळजळ नाही, राख नाही, कपड्यांना वास नाही. खोकलासुद्धा पंधरा दिवसांत कमी झाला. मला वाटलं, जिंकलो. सिगरेट दिवसातून दहा-बारा वेळा पेटवावी लागायची. ही तर पेटवावीही लागत नाही, विझवावीही लागत नाही. खिशातून काढायची, ओढायची, ठेवायची. कधी कधी हात खिशात गेलाय हेही कळायचं नाही.

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा एक मुलगी भाड्याने राहायची. नागपूरची, नर्सिंग शिकायला आलेली. आल्या आल्या तिने खिडकीत बुद्धाची लहान मूर्ती ठेवली आणि बायकोला विचारलं, "काकू, चालेल ना?" बायकोला ती पहिल्याच दिवशी आवडली. मला नाही. ती फार बघायची.

जुलैतली, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली दुपार होती, बाहेर हाडं गोठवणारा वारा. गॅरेजमध्ये पांढरी कोरोला उभी होती, तिच्यात काच वर करून मी बसलो होतो. वॉशिंग मशीन गॅरेजमध्येच आहे. ती कपड्यांची बादली घेऊन आली आणि थांबली.

"काका, आंब्याचा वास कुठून येऊन राहिला?"

"गाडीचा आहे. फ्रेशनर."

"जुलैत आंबा? इथे तर ख्रिसमसला येतो."

"फ्रेशनरला सीझन असतो का गं?"

तिने बादली खाली ठेवली, वाकून काचेतून आत बघितलं. वेप माझ्या मांडीवरच होती. ती हसली नाही.

"तुमच्या डॉक्टरला माहीत आहे?"

"समोरच्याला आपली अडचण कधी सांगू नये. तू धंदा केला नाहीस कधी."

"काका, सांगून टाका ना. त्या औषध देतील, फार तर तारीख पुढे ढकलतील. टेस्टमध्ये निघालं तर मग विश्वास नाही राहत. मी हॉस्पिटलात प्लेसमेंटवर रोज बघते."

"म्हणजे तू आता माझी डॉक्टर?"

"नाही. पण हा धंदा कसा, काका? त्यांना तुमच्याकडून काय घ्यायचं आहे?"

मी चिडलो. काच खाली घेतली आणि जे तोंडात आलं ते बोललो. खोली दिलीय, सल्ला मागितला नाही. बापाच्या पैशावर आलेल्या पोरींनी मला शिकवू नये. हे घराबाहेर गेलं तर तुझं सामान फुटपाथवर दिसेल. शेवटच्या वाक्याला दम लागला, वाक्य पुरं करायला पंप घ्यावा लागला. तो ओढेपर्यंत ती उभी राहिली.

"दहा सेकंद धरून ठेवा श्वास," ती म्हणाली, मशीन लावलं आणि गेली. तिचे वडील कुठल्याशा शाळेत शिपाई होते, हे मला बायकोने नंतर सांगितलं.

सप्टेंबरमध्ये हॉस्पिटलात नेहमीच्या तपासणीला गेलो. तेव्हा अचानक लघवीचा नमुना मागितला. शेवटच्या आठवड्यातच मागतील असा माझा हिशेब होता. तरी मी घाबरलो नाही, कारण हॉस्पिटलात जायच्या आधी दोन दिवस मी वेपला हात लावत नसे. दोन दिवसांत सगळं धुऊन निघतं, असं मला ज्या गिऱ्हाइकाने सांगितलं होतं तो हॉटेल मॅनेजमेंट शिकत होता.

शुक्रवारी फोन आला. नमुन्यात निकोटिन सापडलंय, बुधवारी या.

मला दुसरं काही सुचलंच नाही. मधेच का तपासलं? कोणीतरी कळवलं म्हणून. माहीत कोणाला? एकीलाच. संध्याकाळी ती शिफ्टवरून आली, तेव्हा मी जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसलो होतो.

"रविवारपर्यंत खोली रिकामी कर."

"काका, काय झालं?"

"तूच केलंस ते झालं. फोन केलास ना?"

"कोणाला? काका, मला तुमच्या डॉक्टरचं नावसुद्धा माहीत नाही."

"नर्सांना सगळं कळतं."

"माझी मंगळवारपासून परीक्षा आहे. दहा दिवस द्या, मग जाते."

मी घासाघीस करणारा माणूस. तिने दहा म्हटल्यावर मी पाच तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "शनिवार."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, पोरीला कुठे मिळेल खोली? माणसं डायनिंग रूममध्ये पडदे लावून राहतायत."

"तू मध्ये पडू नकोस."

ती पडली नाही. शनिवारी तिने त्या मुलीच्या दोन बॅगा स्वतः खाली आणल्या, एकेक पायरी आपटत, आणि आपल्या गाडीतून सोडायला गेली. मी सोफ्यावर पडून ते आपटणं मोजत होतो. सोळा पायऱ्या.

बुधवारी बाईंच्या समोर मी बोलायला सुरुवात केली. सिगरेट बंद आहे. ही नुसती वाफ. खोकला कमी आहे. चला, तीन महिने आणखी थांबतो. बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. माझ्या चालीने बोलायला बराच वेळ लागतो.

मग त्या म्हणाल्या, "सिगरेटपेक्षा कमी वाईट असेल, मी त्यावर वाद घालत नाही. पण तुम्ही चार वेळा याच खुर्चीवर बसून मला 'काहीच घेत नाही' म्हणालात. झडपा बसवल्यावर पहिले दिवस फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. तेव्हा पेशंट मला काय होतंय ते खरं सांगेल, यावर मला विसंबावं लागतं. पुन्हा सहा महिने. आजपासून."

मी विचारलं, तुम्हाला फोन कोणी केला?

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी माझ्याच सहीचा फॉर्म काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नमुना कधीही, न सांगता घेतला जाईल. सगळ्यांचा घेतात. फोन कोणीच केला नव्हता.

बायको शेजारीच बसली होती. घरी येताना तीच गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर, पुढे बघतच म्हणाली, "त्या गॅरेजवाल्याच्या नावाने पंचवीस वर्षं बोटं मोडताय. आता ती तुमच्या नावाने मोडेल. काढा तुम्हीही पंचवीस वर्षं."

मग म्हणाली, "जमली तर."

मी त्या मुलीला मेसेज केला. माफी नाही मागितली. खोली रिकामी आहे, भाडं कमी करतो, असं लिहिलं. माफीसुद्धा मला सवलत देऊनच मागता येत होती. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "काका, पंप वेळेवर घ्या." एवढंच. ती शेजारच्या वेरिबीला एका घरात सात जणींबरोबर राहत होती आणि तिचा एक पेपर राहिला. हे बायकोने सांगितलं, मी विचारलं नसताना.

इथे शहाण्या माणसाने वेप फेकून दिली असती. मी सहा आठवडे आणखी ओढली. घरात, हॉलमध्ये, उघडपणे. कोणाला दाखवत होतो ते मलाही माहीत नाही. बायको त्या वासात जेवायची. मग छातीत इन्फेक्शन झालं, अकरा दिवस हॉस्पिटलात काढले, तोंडावर मास्क. तिथे वेप आपोआप सुटली. ती मी सोडली असं म्हणणार नाही. ती सुटली.

त्यानंतर खरंच सहा महिने काढले. नमुने दिले, सगळे कोरडे. बाईंनी पुन्हा स्कॅन केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. आधी एक भाग फुगलेला होता आणि शेजारचा बरा होता. आता सगळंच सारखं दिसत होतं. त्या इन्फेक्शनने चांगला भागही नेला. झडपा बसवून जागा करायची, तर कोणासाठी करायची? "आता हे तुमच्या उपयोगाचं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटतं." मी वाट बघत होतो, की यापुढे त्या काहीतरी म्हणतील. त्यांच्याकडे दुसरी किंमत नव्हती. पहिल्या दिवशीही नव्हती.

सोफ्याच्या जागी आता हॉलमध्ये पलंग आलाय. वरची खोली बायकोने पुन्हा भाड्याने दिलेली नाही. मी विषय काढला तर म्हणते, "सोळा पायऱ्या आहेत, तुम्ही जाऊन दाखवा भाडेकरूला."

यार्डात मी अजून जातो. ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसतो, नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं लहान मशीन गुरगुरत. गाड्या कामगार पुढे आणून दाखवतो. गेल्या आठवड्यात दोन पोरं आली, पुण्याची. एकाच्या हातात वेप होती. मशीनकडे बघून ती त्याने पाठीमागे धरली, पण वास आला. आंबाच. मी किंमत सांगितली.

"काका, थोडं कमी करा ना."

पूर्वी मी इथून सुरुवात केली असती. इंजिन, टायर, माझी भांडी घासण्याची वर्षं, सगळं काढलं असतं, पाऊण तास त्याला घोळवलं असतं आणि शेवटी उपकार केल्यासारखं थोडं सोडलं असतं. आता दुसरं वाक्य बोलायला श्वास लागतो आणि तो मला गाडीपेक्षा महाग पडतो. मी त्याच्याकडे नुसतं बघत राहिलो.

तो मित्राच्या कानात कुजबुजला. माझे कान अजून चांगले आहेत.

"सोड यार, काका एकदम पक्का आहे. एक पैसा हलणार नाही."

त्याने मी सांगितली तीच किंमत दिली.