पट्टीत वास नसतो

हरवलेल्यांच्या खात्यात तिला सगळे नाकवाली म्हणायचे. अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट नवीन कुणी बिचकत "मॅडम" म्हणालं, तर तीच सांगायची, "अरे, नाकवाली म्हण. मॅडम म्हटलं की मला वाटतं मागे साहेब उभ्या आहेत."

तो पट्ट्यांचा काळ होता. कानामागे बोटभर पट्टी चिकटवायची, डोळे मिटायचे, की आपल्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा तास जसाच्या तसा पुन्हा समोर. बनवणाऱ्यांनी विरंगुळा म्हणून विकली आणि लोकांना ती दारूपेक्षा वाईट लागली. तास संपला की पट्टी तो परत सुरू करायची, परत, परत. माणूस बसल्या जागी खाणंपिणं विसरायचा. एका फुलांच्या दुकानामागच्या खोलीत एक जण असा बसल्या बसल्या गेला, तेव्हा सरकारला जाग आली. सरकारच ते, कुणी मेल्याशिवाय त्याचे डोळे उघडतात कुठे.

खात्याकडे उडते कॅमेरे होते, चेहरा ओळखणारे दरवाजे होते. पण पट्टीवाला फिरला तर सापडणार ना. तो कुठला तरी कोपरा धरून बसलेला. तिथे नाकवालीची पद्धत कामी यायची. पट्टीत दिसतं, ऐकू येतं, पण वास नसतो. त्या एवढ्याशा उणिवेसाठी पट्टीवाल्याचा जीव तुटतो, आणि तो वास जिथे असेल तिथे जाऊन बसतो. म्हणून ती घरच्यांकडे कधी फोटो मागायची नाही. विचारायची, "यांच्या सुखाला वास कसला होता?" लोक आधी वेड्यासारखे बघायचे, मग हळूच सांगायचे. कुणी ओलं सिमेंट, कुणी बेकरी.

माणूस सापडला तरी ती पट्टी ओरबाडायची नाही. ओरबाडली की तो दुसरी घेतो आणि या खेपेला आणखी लपून बसतो. एक तास संपून पुन्हा सुरू होईपर्यंत मधे जराशी फट असते, चार घोट पाणी पिण्याइतकी. तेवढ्यापुरता माणूस आपल्यात असतो. ती शेजारी बसून राहायची. फट आली की पाणी पाजायची, घरच्यांनी सांगितलेलं एखादं वाक्य बोलायची, आणि पुन्हा गप्प. पट्टी त्यानं आपल्या हातानं काढली पाहिजे, हा तिचा हट्ट. आपल्याला नाही हो जमणार. आपण दुसऱ्याच फटीला खसकन ओढून मोकळे झालो असतो.

आणि मग तिचा दादाच गेला.

दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. वहिनी आजारपणात गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. एका सकाळी भाचीचा फोन आला, "आत्या, बाबा काल गेले ते आलेच नाहीत. उशीखाली पट्टीची रिकामी डबी आहे."

साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "घरचं प्रकरण घरच्यानं हाताळायचं नाही. नियम आहे."

"मग मी रजेवर आहे," ती म्हणाली.

"बरं. आणि रजेवरचं माणूस कुठे फिरतं, ते मी विचारत नसते."

दादाच्या सुखाचा वास तिला कुणाला विचारायची काय गरज? लग्नानंतर दोघं समुद्रावर गेली होती. दिवाणखान्यात तो फोटो होता, दोघंही भिजलेली आणि खिदळत असलेली. ती मासळीबाजार फिरली, होड्यांच्या शेड धुंडाळल्या, मिठाच्या गोदामात डोकावली. जगाला फोटो न मागणारी बाई स्वतःच्या भावासाठी फोटोवर गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. दादा पाण्याविना कुठे तरी बसलेला होता आणि वेळ हातातून चालला होता.

थकून ती भाचीकडे आली आणि दारातच थबकली. "घरात हा फिनेलचा वास कसला गं?"

"अजून येतोय? बाबा सारखी फरशी पुसायचे. नुसतं फिनेल ओतायचे, माझं डोकं उठायचं. परवा मी भांडले आणि बाटली फेकून दिली. दुसऱ्या दिवशी..." पोरगी थांबली. "आत्या, मी घालवलं त्यांना?"

"वेडी आहेस का? बाटली असती तर ते इथेच आपल्या डोळ्यांदेखत बसून राहिले असते. आपण म्हटलं असतं, किती टापटिपीचा माणूस." आणि काखेत कळसा म्हणत ती तशीच बाहेर पडली.

वहिनी होती त्याच, दिवसरात्र फिनेलनं पुसल्या जाणाऱ्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डाबाहेरच्या बाकावर दादा होता. वॉर्डाकडे कॅमेऱ्यांना बंदी, आणि वॉर्डाबाहेर डोळे मिटून बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. सगळे समजत होते, कुणाचा तरी नातेवाईक असेल. त्याचे ओठ फुटले होते.

ती शेजारी बसली. पहिल्या फटीत पाणी पाजून म्हणाली, "दादा, पोरगी वाट बघतेय." तो म्हणाला, "हो, येतोच," आणि पुन्हा पट्टीत गेला. पुढच्या फटीला तेच, त्याच्या पुढच्याही. परक्यांसाठी आणलेली वाक्यं तिनं एवढी वाटली, आणि आज झोळी रिकामी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कामावर भीती वाटली. वाक्य सुचेना, तेव्हा तिनं नुसतंच विचारलं, "कुठला तास रे हा?"

"ही उठून बसली होती ती संध्याकाळ," दादा म्हणाला. "काही दुखत नव्हतं तिला. इतकी हसत होती." डोळे पुन्हा मिटले.

त्या संध्याकाळी नाकवाली कुणा परक्याशेजारी फटीची वाट बघत बसली होती. तिला हे ठाऊकच नव्हतं. तिला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

पुढची फट आली. "दादा, मी नव्हते रे त्या दिवशी. मला सांग ना काय झालं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "अगं, उठून बसली आणि म्हणाली, माझी वेणी घाला. मला कुठे येतेय वेणी? मी आपला लिफ्टच्या वायरी लावाव्या तसे..." फट संपली. डोळे जड झाले, पण तो बोलतच राहिला, अडखळत, अर्धं तिच्याशी, अर्धं दुसरीकडे. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"थांब जरा," तो म्हणाला. "ही मधेमधे बोलते, मला नीट सांगता येत नाहीये."

त्यानं कानामागची पट्टी काढली, बाकावर ठेवली, आणि बहिणीकडे वळून बसला. "हं. तर मी तीन पेड घेतले..."