ओला सांधा

खोपोली मागे टाकून एसटी पेणकडे वळली, तेव्हा पौष असूनही माझा स्वेटर पिशवीत गेला. परदेशात माणसाच्याच पेशी वाढवून सांध्यात नवी कूर्चा (हाडांच्या टोकांवरची मऊ गादी) बसवतात, असं मी नुकतंच वाचलं होतं. भाऊजींना हे सांगायचं की ते उठून बसतील, अशा थाटात मी पुण्याहून निघाले होते.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पेणला त्यांचा गणपतींचा कारखाना. डोळ्यांची आखणी (डोळे रेखण्याचं काम) त्यांनीच करावी. त्यासाठी मांडी ठोकून तासन् तास बसावं लागतं. दिवाळीनंतर दोन्ही गुडघे सुजले. मुंबईच्या डॉक्टरांनी सांधे बदला म्हटलं, पण मग मांडी विसरा, असंही सांगितलं. भाऊजींनी सरळ खाट धरली. मांडीच जाणार असेल तर आपला हात काय कामाचा, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"असं पडून किती दिवस काढणार?" मी विचारलं.

"सुमन, मूर्तीचा हात जोडला की सुकेपर्यंत आम्ही बोट लावीत नाय. सांधा तो सांधाच. हलवलाच नाय बघ मी!"

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मी कपाळाला हात लावला.

रोह्याला माझ्या मैत्रिणीचा भाऊ हाडांचा डॉक्टर होता. दुसऱ्या दिवशी कारागिरांनी भाऊजींना खुर्चीसकट रिक्षापर्यंत नेलं. "गणपती निघाले!" कोणीतरी ओरडलं. "विसर्जनाला नेता काय रे?" भाऊजी गुरगुरले.

रोह्याच्या रेल्वेगाडीत खिडकीबाहेर कासू स्टेशनपर्यंत भाताची खाचरं आणि खारी जमीन. भाऊजी मात्र गुडघ्यांकडेच बघत होते. रोह्याला उतरताना दारातच अडले. पाय खाली टाकेनात. मागे माणसं खोळंबली. वालाची टोपली घेतलेली एक बाई पुढे झाली.

"टेकवा बाबा. पाय तुमचाच हाय, परका नाय."

तिच्या खांद्याला धरून ते उतरले.

डॉक्टरांपुढे मी आधी माझं ज्ञान पाजळलं. ते शांतपणे म्हणाले, "ते तरुण माणसांच्या लहान जखमांसाठी. यांची झीज काही भरून यायची नाही." माझा चेहरा पडला. मग त्यांनी भाऊजींचे पाय दाबून पाहिले आणि इतके दिवस काय केलंत, म्हणून विचारलं. भाऊजींनी सांधा सुकवत ठेवल्याचं सांगितलं.

डॉक्टर हसले नाहीत. "काका, मूर्तीचा सांधा सुकला की पक्का होतो. माणसाचा ओला असेल तरच चालतो. आत वंगण असतं. पाय हलला की कूर्चेला त्यातूनच पोषण मिळतं. पडून राहून मांडीचे स्नायू वाळलेत. ते मात्र या वयातही भरतात. शरीर आपणहून भरतं, फक्त त्याला काम द्या."

भाऊजींनी दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. "म्हंजे चांगला ओला सांधा मीच उन्हात ठेवला?"

"व्हय," डॉक्टर म्हणाले आणि व्यायाम दाखवायला लागले.

खानावळीत तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची उसळ) आलं. भाऊजी टेबलाखाली पाय सरळ करण्याचा सराव करत होते. तो समोरच्याला लागला. "काका, आताच शिफ्ट करून आलोय कंपनीत," तो म्हणाला. "जेवू तरी द्या!" भाऊजी किती दिवसांनी हसले.

आषाढात मी पुन्हा गेले. कारखान्यात भाऊजी उंच स्टुलावर, मूर्ती समोरच्या फळीवर, हातात बारीक कुंचला. मांडी परत आली नव्हती. गुडघे दुखतात का, विचारलं तर म्हणाले, "दुखतात. पण माझ्याबरोबर चालतात." डोळा पुरा करूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं.

झिजलेलं शरीर नवं होत नाही. पण त्याच्यापाशी अजून बरंच शिल्लक असतं, आणि ते मागितल्याशिवाय देत नाही. पेणहून मी एवढं घेऊन निघाले.

निघताना भाऊजींनी माझी पिशवी उचलली आणि स्टँडच्या रस्त्याला लागले. मी त्यांच्यामागे, ताई माझ्यामागे.

"अहो, जरा हळू चाला!" ताई ओरडली.

ते ऐकलं आणि भर रस्त्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं.