बारा मिनिटं आणि बर्फाचं घमेलं

लोटन हवालदाराला पुण्याच्या इंजिनिअर साहेबाची किळस यायची. शिकलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. नये तर नये, पण हा गडी जळगावच्या मे महिन्यात कूलरपुढे बसून बर्फातल्या जवानासाठी यंत्र आखत होता.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. झुलालशेठच्या कारखान्यात फौजेसाठी एक पेटी बनत होती. छोटा उपग्रह डोक्यावरून जातो, तेवढ्या बारा मिनिटांत पेटी उघडायची, अँटेना उभा करायचा, निरोप वर सोडायचा. चुकलात की पुढच्या फेरीपर्यंत बसा बोंबलत. आणि अँटेना जोडायला साहेबानं दिले होते तीन स्क्रू, ज्वारीच्या दाण्याएवढे!

लोटन एरंडोलचा, फौजेच्या सिग्नल तुकडीतून निवृत्त, आता शेठच्या कारखान्यात पत्रा कापायचा. उजव्या हाताची दोन बोटं बर्फातच राहिली. तिथंच त्याचा जोडीदार पंडित गेला. गारठलेल्या बोटांनी लोटनला वायर जोडता आली नाही, मदत बोलावताच आली नाही. हे त्यानं घरी लताबाईलाही सांगितलं नव्हतं.

"साहेब, स्क्रू काढा. मुठीनं दाबायचा खटका द्या."

"हवालदार, ड्रॉइंग पास झालंय. सोमवारी नमुना जाणार. तुम्ही पत्रा कापा."

"बठ्ठं कागदवर शे," सगळं कागदावरच आहे, असं लोटन अहिराणीत पुटपुटला आणि सायकल काढून बर्फाच्या कारखान्यात गेला. लादी आणून घमेल्यात फोडली, पाणी ओतलं. शेठसमोर म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं हात बुडवा, मग बारा मिनिटांत अँटेना उभा करा. जमलं तर जन्मभर पत्रा कापतो."

शेठ बघतोय म्हटल्यावर साहेबाला माघार घेता येईना. तिसऱ्या मिनिटालाच तोंड वाकडं झालं. हात बाहेर आले ते लालभडक. पहिला स्क्रू पडला, तो शोधायला साहेब गुडघ्यांवर रांगला. मग दुसरा पडला. बारा मिनिटं संपली तेव्हा अँटेना जमिनीवरच होता. लोटन हसला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

साहेबानं ड्रॉइंग मागवलं, स्क्रू खोडले, त्यांच्या जागी खटका आखला. जरा ओशाळून म्हणाला, "सुचवणाऱ्याचं नाव टाकतो. पूर्ण नाव सांगा."

"नाव राहू द्या." लोटननं उजवा हात कागदावर ठेवला. "तीन बोटांच्या माणसाला जमलं पाहिजे, एवढं लिहा."

दोन महिने एकाच टेबलावर काम केलं होतं. साहेबानं तो हात आज पहिल्यांदा पाहिला.