सोनटक्क्याचे कंद

मानपाड्याला आमचं घर तळमजल्यावर. मागच्या खिडकीबाहेर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चटईएवढी माती आहे. तिथे सासऱ्यांनी गावाहून आणलेला सोनटक्का लावलेला. दर दोन-तीन वर्षांनी मे संपता संपता ते सगळा गड्डा उकरायचे, आल्यासारखे दिसणारे कंद मोडून सुटे करायचे आणि पाऊस लागायच्या आत पुन्हा लावायचे. मला कधी हात लावू दिला नाही.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलण्यात एकच शब्द उरला, 'नको'. चहा हवा असला तरी नको, नसला तरी नको. आम्ही डोळ्यांवरून अर्थ लावायचो आणि बऱ्याचदा चुकायचो.

सोनटक्का दाटत गेला. कंद एकमेकांवर चढले, पानं पिवळी पडली, गेल्या पावसाळ्यात एकही फूल आलं नाही. या मेमध्ये मी ऑफिसातून सुट्टी काढली आणि कुदळ घेऊन मागे गेले. सासरे खिडकीत खुर्चीवर बसलेले.

"बाबा, अर्धा गड्डा काढू की सगळा?"

"नको."

"म्हणजे काढूच नको?"

"नको, नको." डाव्या हाताने ते गज बडवायला लागले.

मी खणत राहिले. कंद सुटे केले, सडके भाग कापले, वीतभर खोल खड्डे केले आणि एकेक कंद ठेवून माती दाबली. प्रत्येक कंदाला खिडकीतून "नको". उन्हाने डोकं भणभणत होतं. शेवटी मी कुदळ टाकली.

"मग तुम्हीच लावा."

नवऱ्याला हाक मारली. आम्ही दोघांनी धरून त्यांना बाहेर आणलं, वाफ्याशी बसवलं. त्यांनी वाकून मी नुकताच लावलेला कंद उकरून काढला, खड्डा जवळजवळ बुजवला, कंद आडवा ठेवला, कोंबाचे डोळे वर करून, आणि त्यावर नावापुरती माती सारली.

"इतका वर ठेवायचा?"

"नको," ते म्हणाले, पण मान होकारार्थी हलली.

मी सगळेच फार खोल पुरले होते. परत सगळे उकरले. मनात त्यांच्यावर चिडत होते, स्वतःवर, त्या दुखण्यावर. दुसऱ्या कंदातच ते दमले. उरलेले मी लावले, संध्याकाळ झाली.

गणपतीत दोन दांड्यांना फुलं आली. सासरे तेव्हा तापाने अंथरुणात होते. मी एक फूल उशाशी ठेवलं, तर त्यांनी ते ढकललं आणि खिडकीकडे हात केला. पडदा सरकवला, नको. पंखा लावला, नको. बऱ्याच वेळाने कळलं, पलंग तिकडे फिरवून हवा होता. फिरवला. आता पलंगाला अडून तिथल्या माझ्या कपाटाचं दार अर्धंच उघडतं, आणि रोज सकाळी साडी काढताना माझी त्या दाराशी झटापट होते.