आबांना ‘नाही’ म्हणण्याचा सराव

सावद्याच्या लीलाधर भंगाळेला एकोणीसशे छप्पन साली विमान कंपनीच्या परीक्षेत अपयश आले, ते एका शब्दामुळे. उड्डाणाचा परवाना त्याच्यापाशी होता. मुलाखतही बरी झाली होती. मग त्याला जमिनीवरच डुलणाऱ्या, विमानाच्या आकाराच्या एका पेटीत बसवले. झाकण लागले की बाहेरचे काही दिसत नाही. समोरच्या, उंची आणि दिशा दाखवणाऱ्या तबकड्या पाहायच्या आणि कानावर येणारे परीक्षकाचे हुकूम पाळायचे. नकाशावर पुढे दोन हजार फुटांचा डोंगर होता. परीक्षक म्हणाले, दीड हजारांवर उतरा. डोंगर लीलाधरला ठाऊक होता. तरी तो “बरं, साहेब” म्हणाला आणि उतरला. झाकण उघडून परीक्षकांनी एवढेच सांगितले, की खऱ्या विमानात तुमच्यामागे माणसे बसलेली असतात.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे आले. ते अखेरचे होते. कंपनी तिसरी संधी देत नसे.

कमतरता हातात नाही, जिभेत आहे, हे लीलाधरला आता कळले होते. त्याच्या वडिलांच्या, तोतारामआबांच्या, घरात मोठ्या माणसाचा शब्द कोणी परतवत नसे. त्यात भय थोडेच होते. केळीला पाणी केव्हा द्यायचे, घड केव्हा कापायचे, हे एका तोंडाने ठरते म्हणून एवढे मोठे घर चालते, अशी सर्वांची समजूत होती आणि ती बरीचशी खरीही होती. ज्या गुणावर घर उभे होते तोच पेटीत घातक ठरला होता. म्हणून सराव करायचा तो आबांपाशीच, असे त्याने ठरवले.

आबांना ते विचित्र वाटले. “मी चुकीचं सांगू, अन् तू मले नाही म्हनशीन?”

“हो, आबा.”

“अन् बरोबर सांगितलं तं?”

“तं ऐकीन.”

रोज सकाळी ओसरीवर लीलाधर डोक्यावरून घोंगडी घेऊन बसे. पायांमध्ये एक लाकडी दांडा, विमानातल्यासारखा; पुढे ढकलला की उतरायचे. आबा बाजेवरून हुकूम सोडत: वळ, चढ, सरळ जा; आणि मध्येच, नेहमीच्याच आवाजात, दीड हजारांवर उतर. डोंगर आठवण्याआधीच “बरं, आबा” तोंडातून निघे आणि दांडा पुढे जाई. त्याची आई बेबाबाई चुलीपासून विचारी, “आज बी डोंगरावरच उतरला का रे? मंग चहा तिथंच धाडते.” पहिले काही दिवस आबाही हसले. मग हसेनासे झाले.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आवाज चढवला. “उतर म्हनतो ना.”

दांडा जागेवर राहिला. “नाही, आबा. समोर डोंगर हाये. मी उतरनार नाही.”

त्याने घोंगडी बाजूला केली तेव्हा बाज रिकामी होती. आबा मळ्याकडे निघून गेले होते. दुपारी ते पंगतीला बसले नाहीत. खेळ त्यांनीच मान्य केला होता; तरी सगळ्या घराच्या देखत मुलाने दिलेला नकार त्यांच्या कानाला खेळातला वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनावर पोचवायला आले, पण वाटभर गप्प होते. गाडी दिसू लागली तसा लीलाधर पाया पडायला वाकला. कालचे चुकले, असे म्हणायचे त्याने मनाशी योजले होते. आबांनी दंड धरून त्याला उभे केले.

“माफी मांगू नको. मांगशीन तं तिथं पुन्हा बरं म्हनशीन.” दंड न सोडता ते म्हणाले, “मले लागलं. लागू दे.”

मुंबईत पेटीचे झाकण लागले. काही वेळाने तो हुकूम आला. लीलाधरने नाकारला, कारण सांगितले. परीक्षकांनी तो पुन्हा दिला, अधिक कडकपणे. उंचीचा काटा त्याने हलू दिला नाही. तिसऱ्या वेळी आवाजात राग होता, आणि तो खरा की परीक्षेपुरता, हे ओळखण्याचा काहीच मार्ग नव्हता.

“नाही, साहेब. डोंगर पार होईपर्यंत मी उतरणार नाही.”

कानात नुसती खरखर राहिली. मग तोच आवाज, शांतपणे: डावीकडे वळा, चार हजारांवर चढा. लीलाधरने आधी नकाशा पाहिला. हुकूम बरोबर होता. मगच त्याने विमान चढवले.

बाहेर आल्यावर परीक्षकांनी एवढेच विचारले, की कामावर केव्हा रुजू होता येईल.

लीलाधर म्हणाला, घरी आबांना विचारून कळवतो.