पहिल्या फेरीला घरचं माणूस

फाटकावर आता मोठ्या अक्षरांत अम्युझमेंट पार्क लिहिलंय. मी बागच म्हणतो. मी आलो तेव्हा ती जामाची बागच होती. जाम म्हणजे पेरू, पण इंदूरला पेरू म्हटलं तर भाजीवालाही तोंडाकडे बघतो. हातोदकडे जाणाऱ्या रस्त्याला सेठजींची ही जमीन. रविवारी शहरातले लोक यायचे, झाडाखाली दाल-बाफले करायचे, जाम तोडून खायचे आणि दुपारी सावलीत आडवे व्हायचे. पोरं आडवी होत नाहीत. ती फांद्या मोडायची. सेठजी वैतागून म्हणाले, "इनको कहीं बिठाओ भिया." म्हणून दोन घसरगुंड्या आणि एक चक्री लावली. बागेचा इतिहास विचाराल तर एवढाच. झाडं वाचवायला झुले आणले आणि पुढे झुल्यांना जागा पाहिजे म्हणून झाडं कापली.

मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातला. मिलमध्ये फिटरच्या हाताखाली होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी ढकलली म्हणून. मिल बंद पडली तेव्हा आमच्या गल्लीतले अर्धे लोक भाजीचे ठेले लावून बसले, अर्धे नुसतेच बसले. मी सेठजींकडे गेलो. त्यांनी विचारलं, "क्या आता है?" मी म्हटलं, "पाना पकडना आता है." ठेवून घेतलं. बागेमागे दोन खोल्या दिल्या. बायको आणि लहान मुलगी घेऊन तिथे राहायला गेलो, तो अजून तिथेच आहे. मुलगी लग्न होऊन देवासला गेली. बायको मागच्या वर्षी गेली.

बागेत एकेक वस्तू आली ती माझ्यासमोर आली. पोरांची रेल आली. तिचा रूळ तळ्याला वळसा घालून जातो आणि एका वळणावर इंजिन अजून अडतं, तेव्हा ड्रायव्हर उतरून ढकलतो आणि पब्लिक टाळ्या वाजवतं. तळ्यात बदकाच्या तोंडाच्या होड्या आल्या. आरसेघर आलं. आरसे राजवाड्याजवळच्या एका काचवाल्याने कुठून तरी मागवून दिले होते, एकात माणूस भोपळा दिसतो, एकात काठी. जाड्या बाया काठीच्या आरशासमोरून हलायच्या नाहीत. भूतघर आलं. त्यात जो भूत व्हायचा तो सकाळी फाटकावर तिकिटं फाडायचा, त्यामुळे पोरं त्याला ओळखायची आणि अंधारात म्हणायची, "अंकल, चप्पल वही है." पाण्याच्या घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव फार नंतर आला. आता गर्दी त्याच्यासाठीच होते.

पण बागेची ओळख मोठा झुला. महाराष्ट्रातले लोक त्याला आकाशपाळणा म्हणतात. सेठजींनी तो जत्रेत फिरणाऱ्या एका माणसाकडून घेतला. त्या माणसाने चार-पाच गडी लावून झुला उभा केला, खाली डिझेलचं इंजिन बसवलं आणि हात पुसत म्हणाला, "लो सेठजी, चालू करो."

सेठजींनी त्याच्या तंबूकडे बघितलं. त्याची बायको चुलीवर रोट्या भाजत होती.

"पहले ये बैठेगी," सेठजी म्हणाले.

तो हसला. सेठजी हसले नाहीत. मग तो बायकोकडे बघायला लागला, मग वर झुल्याकडे. म्हणाला, "सेठजी, एक घंटा दो." आणि पाना घेऊन परत वर चढला. बायको रोट्या भाजत खालून ओरडली, "पहले क्या सो रहा था?" आम्ही सगळे हसलो. घंट्याने ती बसली आणि झुला फिरला.

त्या दिवसापासून बागेचा नियम पडला. झुला दुरुस्त झाला की पब्लिक बसायच्या आधी एक फेरी. त्या फेरीत ज्याने नट आवळले त्याच्या घरचं माणूस. तो स्वतः नाही. स्वतः बसायला काय, माणूस स्वतःच्या जिवाला कंटाळलेला पण असू शकतो. घरचं माणूस पाहिजे.

जत्रेवाला निघून गेला आणि झुला माझ्याकडे आला. म्हणजे माझं घर पण झुल्याकडे गेलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचे सेठ सेठाणीला का नाही बसवत?"

मी म्हटलं, "सेठाणी बसली तर झुला वर जाईल का?"

हसत हसत बसली. वर गेल्यावर हसणं थांबलं. उतरली तेव्हा तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "हातोद दिसलं." एवढंच. पुढच्या वेळी मात्र मांडीवर पातेलं घेऊन आली. थंडीचे दिवस होते, बटला सोलायचा होता. बटला म्हणजे मटार. ती वर फिरत बटला सोलायची आणि टरफलं नेम धरून माझ्या डोक्यावर टाकायची. मी खालून शिव्या द्यायचो. ती वरून विचारायची, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

एकदा म्हणाली, "वर काहीतरी कुरकुर करतंय."

"तूच असशील."

"मी कुरकुर केली तर तुम्हाला खालूनच ऐकू येईल. बघा वर चढून."

चढलो. एका पाळण्याची कडी कोरडी पडली होती. ग्रीस लावलं. ती परत बसली.

असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. इंजिन गेलं, मोटर आली. सेठजी गेले, त्यांचा मुलगा आला, तोही थकला, आता नातू बघतो. नातू मला काकाजी म्हणतो, तिला काकीजी म्हणायचा. ती गुडघे धरून का होईना, पहिल्या फेरीला यायचीच. मग साखरेचा आजार वाढला, किडनी गेली. दवाखान्यातच संपली. लोक म्हणाले सुटली. मी म्हणतो, सुटायचं आहे का असं तिला कोणी विचारलं होतं?

ती गेली त्याच पावसाळ्यात झुल्याचं मोठं बेअरिंग गेलं. धुरा म्हणजे मधला आस, तो घासला. नातवाने झुला बंद केला आणि कंपनीचा इंजिनिअर बोलावला. पुण्याचा मुलगा, नोकरीसाठी इंदूरला आलेला, बायको पण इथेच बँकेत. माझं बोलणं ऐकून हसला. म्हणाला, "काका, तुमच्या मराठीत हिंदी किती आहे!"

मी म्हटलं, "तुमच्यात इंग्रजी किती आहे ते मी विचारलं का?"

त्यानंतर आमचं जमलं. काम चांगलं केलं त्याने, खोटं कशाला बोलू. क्रेन आणली, धुरा उतरवला, नवीन बेअरिंग बसवलं, एकेक नट स्वतः बघितला. शेवटी नातू मला म्हणाला, "काकाजी, आखरी नट आप कसो." मान म्हणून म्हणाला. मी वर चढू शकत नाही, तर खालच्या खांबाचे होते ते आवळले. आवळून झाल्यावर ध्यानात आलं की नियम माझ्याच घरावर आला.

तेवढ्यात टेम्पो आला. त्यात वाळूच्या बोऱ्या, म्हणजे पोती.

"हे काय?" मी विचारलं.

"लोड टेस्ट," इंजिनिअर म्हणाला. "माणसाच्या वजनाच्या बोऱ्या ठेवायच्या, झुला फिरवायचा, मग सर्टिफिकेट."

मी त्याला नियम सांगितला. त्याने सगळा ऐकून घेतला. मग म्हणाला, "काका, माणूस बसवून बघायचं नसतं. काही झालं तर? बोरी पडली तर वाळू सांडेल, बस."

"म्हणूनच तर माणूस. बोरीसाठी कोण नट दुसऱ्यांदा आवळतो?"

"मी आवळतो," तो म्हणाला. "वर बोरी असो नाहीतर माझी बायको असो."

तो खरंच आवळतो. मी बघितलं होतं.

नातू मध्ये पडला. "काकाजी, रविवारी चालू करेंगे. तब तक सोच लो."

खोलीवर येऊन चहा ठेवला तरी डोक्यात बोऱ्याच. बोऱ्यांनी भागत असेल तर ती इतकी वर्षं वर काय करत होती? त्या पोराचं बरोबर असेल तर माझी बायको उगाच बसली. गुडघे दुखत असताना उगाच बसली. मला ते नको होतं. झुला बोऱ्यांवर सुरू होऊ द्यायचा नव्हता. बाकी मला बागेकडून आता काही नको होतं.

घरचं माणूस म्हणजे मुलगीच उरली. तिला फोन केला.

"रविवारी ये. झुल्यात बसायचं आहे."

"बाबा, तब्येत ठीक आहे ना?"

"तब्येतीचं नाही विचारलं. बसशील का ते सांग."

मग म्हणाली, "पहिली फेरी?"

"हो."

"येते."

रविवारी सकाळीच देवासच्या बसने आली. डब्यात भुट्ट्याचा कीस आणला होता. आईसारखा तिखट करते, पण मोहरी जास्त घालते. मी सांगितलं तसं. ती म्हणाली, "खायचं तर खा, नाहीतर इंजिनिअरला देते." आणि दिलाच त्याला. तो बिचारा उभ्या उभ्या खाऊन, डोळ्यांतलं पाणी पुसून, "मस्त आहे ताई" म्हणाला.

मग त्याने तिला पण समजावलं. बोऱ्या आहेत, गरज नाही वगैरे. ती म्हणाली, "भाऊ, तुमचं काम चांगलंच असेल. हा आमच्या घरचा मामला आहे." साडीचा पदर खोचला, पाळण्यात जाऊन बसली, साखळी स्वतः लावली. "चला बाबा. मला चारची बस आहे."

मी मोटर चालू करायच्या दांड्यावर हात ठेवला.

आता सांगतो ते जसं झालं तसं. हात ओढेना. दांडा जाम नव्हता, हाताला पण काही झालं नव्हतं. नट मी आवळले होते, बाकीचे त्या पोराने, मला एकाचीही शंका नव्हती. तरी नाही ओढला. बायको बसायची तेव्हा माझं ध्यान मोटरकडे असायचं, पट्ट्याकडे असायचं. तिच्याकडे बघावं लागत नसे, ती आपली वरून बोलत असायची. ही गप्प बसून माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"उतर."

"का? काही ढिलं आहे?"

"काही ढिलं नाही. उतर म्हटलं ना."

"मला देवासहून यासाठी बोलावलं?"

"हो. आता उतर."

ती उतरली. चिडली होती. इंजिनिअर दुसरीकडे बघत होता, शहाणा मुलगा आहे. मी नातवाला म्हटलं, "बोरियाँ रखवाओ."

बोऱ्या ठेवल्या. झुला फिरला. पुष्कळ वेळ फिरवला, थांबवला, उलटा फिरवला. आवाज नाही, धक्का नाही. बोऱ्या वर गेल्या आणि खाली आल्या, जशा बोऱ्या येतात तशा. इंजिनिअरने सर्टिफिकेटवर सही केली.

मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "मग आईला कसं बसवत होतात?"

मी म्हटलं, "मी कुठे बसवत होतो? पहिल्यांदा तेवढं सांगितलं. नंतर मी पाना घेऊन खाली यायचो तोवर ती पाळण्यात बसलेली असायची. मला म्हणायची, किती वेळ लावता."

बोलून गेलो तेव्हा मलाच कळलं की हे खरं आहे. पहिल्या वेळेनंतर तिला कधी बोलवायला जावं लागलं नव्हतं. ती गेल्यापासून, मीच तिला बसवली, असं मनाला लावून घेऊन बसलो होतो.

"नियमाचं काय करायचं काकाजी?" नातवाने विचारलं. त्याला मराठी समजतं, मोडकं बोलतो पण.

"नियम तुमच्या दादाजींचा. बसणारी माझी. दोघं नाहीत. बोऱ्या ठेवत जा."

तेवढ्यात फाटक उघडलं आणि पब्लिक आलं. झुला पुष्कळ दिवसांनी सुरू होणार म्हणून गर्दी इकडेच. पुढे हातोदकडचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको, म्हातारी आणि पोरं. त्या माणसाने पोरांना मागे धरून मला विचारलं, "बाबूजी, बहुत दिन बंद था. झूला बराबर है ना? बच्चे बैठेंगे."

असं विचारणारे पूर्वी पण असायचे. मी बोट दाखवायचो, "वो देखो, मेरी घरवाली अभी उतरी है." मग लोक तिच्याकडे बघायचे, तिच्या हातातल्या पातेल्याकडे बघायचे आणि बसायचे.

आज बोट दाखवायला कोणी नव्हतं. इंजिनिअरकडे सर्टिफिकेट होतं, ते दाखवता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "बराबर है. बैठो."

तो हलला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझं तोंड काही भरवसा वाटावा असं नसेल.

माझ्या मागून मुलगी पुढे गेली. कोणाला काही बोलली नाही. त्याच्या लहान पोरीचा हात धरला, "चल बेटा," म्हणाली आणि तिला घेऊन पहिल्या पाळण्यात बसली. मागोमाग म्हातारी चढली. मग सगळेच चढले.

पब्लिकसमोर तिला उतर म्हणता येईना. मी दांडा ओढला.